पिकअपचे तीन काटे

कार्तिकातलं धुकं बंगळुराजवळच्या महादेवपुऱ्याच्या तळ्यावरून उठायचं आणि सरळ शेवंतीच्या वाफ्यांत येऊन बसायचं. ऊन चांगलं चढेपर्यंत ते काही हलत नसे. कृष्णाबाई त्याच धुक्यात पदर खोचून फुलं खुडायची. हात आपले चालत राहायचे आणि मन कुठल्या कुठे निघून जायचं. कधी ते माहेरच्या विहिरीवर जाई, कधी तळ्यापलीकडच्या निलगिरीच्या झाडांत शिरे. ओल्या शेवंतीचा कडवट वास डोक्यात भिनला की तिला उभ्या उभ्या गुंगी यायची. टोपली भरल्याचं तिला फुलं पायावर सांडायला लागली की कळे. "वैनी, झोपलीस काय गं?" असं विठोजी बांधावरून ओरडला की ती हसायची आणि पुढच्या ओळीला लागायची.

विठोजी तिचा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि हा नुकता भिंत धरून चालायला शिकत होता. सासू गेली आणि त्याचं न्हाऊमाखू, दुखणंखुपणं सगळं हिच्या पदरात आलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. बायका त्यावर तिच्यासमोर हळहळत, तेव्हा तिला खरोखर नवल वाटायचं. विठू होता की. आता तो तिशीचा मिशाळ गडी होता आणि लग्नाचं नाव काढलं की उठून पिकअपखाली जाऊन झोपायचा. तरी त्याच्या ताटात भाकरी उरली तर तिला अजून चुकल्यासारखं व्हायचं.

ही पिकअप लढाईच्या काळातली. गोरं सैन्य गेल्यावर छावणीच्या लिलावात निघाली आणि तीन हात फिरून त्यांच्या दारात आली. तिच्यासाठी घरची बैलजोडी द्यावी लागली होती. विश्वासरावांनी, म्हणजे कृष्णाबाईच्या नवऱ्यानं, ती दिली खरी, पण मनातून दिली नाही. जुना माणूस. बैल हाक मारली की मान वळवतो, गाडीला हाक कुठून मारणार, असं त्यांचं म्हणणं. विठोजीचा मात्र त्या गाडीवर जीव होता. तिच्या डॅशबोर्डावर चार गोल काचा होत्या आणि प्रत्येकीत एक बारीक काटा. एक पेट्रोल किती ते सांगायचा, एक इंजिन किती तापलं ते, एक तेलाचा दाब, आणि चौथा बॅटरीचा. संध्याकाळी शेतावरून आला की विठोजी आत जाऊन बसायचा, किल्ली फिरवायचा आणि काटे जागे होताना बघत राहायचा. कृष्णाबाईही कधी कधी शेजारी जाऊन बसायची. काट्यांमागचा पिवळा दिवा आणि समोर काळं होत जाणारं तळं, एवढं त्यांना पुरायचं.

या घरात दसऱ्याची आयुधपूजा फार जोरात व्हायची. बंगळुरात ती सगळीकडेच होते, पण या घरची रीत वेगळी. नांगर, कुदळ, विळे, मोट असताना मोट, सगळं घासून धुऊन रंगवायचं, तेही पुढूनमागून. सासूनं अंथरुणावरून शिकवलेलं होतं, देवापुढं वस्तू ठेवायची ती सगळी ठेवायची, पाठ लपवून नाही. त्या वर्षी विठोजीनं गाडी पार उघडली. डॅशबोर्डाची पत्र्याची पाटी सोडवली, पेट्रोलची टाकी खाली उतरवली, धुतली, आणि "वैनी, रंग तूच दे, तुझा हात सरळ हाय" म्हणाला. मग कृष्णाबाई अंगणात बसून दोन दिवस हिरवा रंग देत होती. पाटी पुढून रंगवली, मागून रंगवली. टाकी रंगवली, तिच्या वरची तार बसायची गोल चकती रंगवली, टाकी आवळायचे पट्टे रंगवले, पट्ट्यांची भोकं रंगवली. वाटीभर स्क्रू होते, ते काडीवर लावून एकेक रंगवले. ब्रश फिरत होता आणि ती कुठे तरी दूर पोचली होती. पूजेच्या दिवशी गाडीला झेंडूची माळ चढली, चाकाखाली लिंबं चिरडली गेली, आणि विश्वासरावसुद्धा एकदा गाडीभोवती फिरून "बरी दिसती" म्हणाले. कृष्णाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी ती खूष होती.

दसरा झाला आणि काटे बिघडले. गाडी गार असताना इंजिन उकळतंय असं एक काटा सांगायचा. तेलाचा काटा इंजिन बंद असतानाही वर उभा. पेट्रोलचा काटा काही केल्या भरलेल्याच्या खाली येईना. दिवे लावले तर तिघंही एकदम उडी मारत. विठोजीनं काचांवर टिचक्या मारून पाहिल्या, तारा ओढून पाहिल्या. पण शेवंतीचा भर होता, दिवाळी तोंडावर होती, नीट बसून बघायला फुरसत कुणाला?

आणि मग लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, वर्षातला सगळ्यात मोठा माल भरून सिटी मार्केटला जाताना, हलसूर तळ्याजवळ गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. टाकी कोरडी ठणठणीत. काटा मात्र भरलेल्यावर.

विश्वासराव त्या दिवशी मुद्दाम पुढे बसून आले होते, नवा फेटा बांधून. कृष्णाबाई मागे फुलांच्या गाठोड्यांवर पेंगत होती. गाडी थांबल्यावर तिला जाग आली ती हसण्यानं. रस्त्यावर चार माणसं जमली होती. "काय मालक, सकाळी वैरण घातली न्हाई काय?" असं एकानं विचारलं. विठोजी डबा घेऊन पेट्रोल शोधायला पळाला. मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी पंपावर ही रांग. शेवटी तिथूनच जाणाऱ्या विटांच्या बैलगाडीला दोर बांधला आणि पिकअप बैलांमागून ओढत मार्केटच्या वाटेला लागली. विश्वासराव खाली उतरून बाजूनं चालत होते. फेटा त्यांनी काढून काखेत धरला होता. माल पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, फुलं मलूल झाली होती, आणि दलालानं गाठोडं सोडून हात आत घातला आणि भाव न बोलता नुसताच बाहेर काढला. कृष्णाबाईला आयुष्यात फुलांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर विश्वासराव ओसरीवर बसले आणि फार शांतपणे बोलले. त्यांचा राग असाच असायचा.

"वीटभट्टीवाल्या रघुपतींना गाडी हवी हाय. बदल्यात चांगली जोडी देतो म्हणतात. तुळशीचं लग्न झालं की येतील."

"अण्णा, काटा चुकीचं सांगत होता," विठोजी म्हणाला.

"काटा सांगतो आणि तू ऐकतोस. तुला डोळे न्हाईत? गाडीत बसून सपनं बघायची, पेट्रोल भरायचं ध्यानात राहात न्हाई, आणि बोल काट्याला लावायचा."

"मी भरायला विसरलो न्हाई. काटा भरलेला दाखवतो म्हणून अंदाजानं—"

"झालं तेवढं झालं. आता पुरं."

विठोजी उठून उभा राहिला. मग म्हणाला, "सरी, तसं तर तसं. गाडी गेली तर मीबी जातो. शहरात कारखान्यांना ड्रायवर पायजेत. राहायला खोली मिळते."

कृष्णाबाई आत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. विश्वासराव "जा" म्हणाले नाहीत, "जाऊ नको"ही म्हणाले नाहीत. दोघेही एकाच आईचे, एकदा तोंडातून शब्द गेला की गिळायला त्यांना जमायचं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. गाडी गेली तर विठू गेला. तुळशीच्या लग्नापर्यंत काटे सरळ झाले पाहिजेत, बस.

दिवाळीनंतर विठोजी टाकीत वेताची काडी बुडवून पेट्रोल मोजायचा आणि मगच निघायचा. एका सकाळी मार्केटमधून पुढे जयनगरला जायचं होतं. कृष्णाबाईही बरोबर गेली. जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. रस्ते सरळ, झाडं गुडघ्याएवढी, आणि मधल्या मोकळ्या जागांत अजून गाई चरत होत्या. तिथं उमाकांत आणि प्रतिमा नावाचं पुण्याचं जोडपं राहायचं. उमाकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. प्रतिमाबाईंना तुळशीच्या लग्नासाठी फुलं हवी होती. पहिल्यांदा कृष्णाबाईचं कानडी वळणाचं मराठी ऐकलं तेव्हा त्या खुदकन हसल्या होत्या, आणि आता तिचंच "स्वल्प थांबा" त्या स्वतः म्हणायला लागल्या होत्या.

फुलं उतरवताना उमाकांत पायजम्यावर चहाचा कप घेऊन बाहेर आले. विठोजी किल्ली फिरवून काट्यांकडे बघत बसला होता. उमाकांतांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"इंजिन तर बंद आहे. मग ऑईल प्रेशर कसलं दाखवतोय हा?"

"साहेब, तिघंबी असंच करतात. दसऱ्यापासून."

"तिघंही? एकाच दिवशी?"

"व्हय. आणि दिवे लावले की हे बघा."

विठोजीनं दिवे लावले. तिन्ही काट्यांनी उडी मारली. उमाकांतांनी कप बॉनेटवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोराला किल्लीचं खेळणं दिल्यावर येतो तसा आनंद आला.

"हे छान आहे हो! म्हणजे छान नाही, पण छान आहे. बघा, तीन मीटर एकाच दिवशी बिघडत नाहीत. तिघांचं मिळून काहीतरी एक बिघडलंय. चौथा, बॅटरीचा?"

"तो शहाण्यासारखा चालतो."

"चालणारच. बॅटरीतून वीज निघते, तारेनं मीटरपर्यंत येते. पण परत कुठून जाते?"

विठोजीनं तारांकडे पाहिलं. वीज येते हे त्याला ठाऊक होतं. ती परत जाते हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

"परतीला तार नसते. गाडीचं लोखंड हीच परतीची वाट. मीटरातून पाटीला, पाटीतून बॉडीला, बॉडीतून बॅटरीला. चौथ्याला ती वाट लागत नाही, म्हणून तो ठीक. बाकीच्यांची वाट कुठेतरी अडलीय. कुठे ते मात्र मला विचारू नका. कारखान्यात मी याच्या दसपट मोठी मीटरं बघतो, पण अजून मला गाडी चालवता येत नाही!"

येताना कृष्णाबाई पुढे बसली. हे परतीच्या वाटेचं तिच्या मनात फार घोळलं. इतकी वर्षं ती या गाडीत बसत होती, आणि आपल्या मांडीखालच्या लोखंडातून काहीतरी गुपचूप घरी परतत असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दाराच्या पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा गार होता आणि थरथरत होता. तिला ते फार गोड वाटलं आणि डोळे मिटले गेले.

त्या दुपारी विठोजी कामाला बसला. बॅटरीच्या परतीच्या टोकाला एक लांब तार बांधली आणि दुसरं टोक घेऊन डॅशबोर्डाखाली पाठीवर निजला. कृष्णाबाईला वर बसवलं.

"वैनी, काट्यावर डोळा ठेव. हलला की सांग."

ती पदर सावरून ड्रायव्हरच्या जागी बसली. समोरच्या काचेतून तळं दिसत होतं. पाण्यावर बगळे उतरत होते. एक बगळा एका पायावर उभा राहिला आणि बराच वेळ तसाच राहिला. तो आता दुसरा पाय टेकेल, मग टेकेल, असं तिला वाटत राहिलं.

"काय झालं? हलला?"

"आं?"

"वैनी! अगं काट्याकडं बघ म्हटलं ना! मी इथं मान मोडून घेतोय!"

"पुन्हा लाव की रे. एवढं काय ते."

त्यानं तारेचं टोक काट्यांच्या काचेमागच्या पत्र्याच्या डबीला पुन्हा लावलं. आणि काय सांगावं, तापमानाचा काटा डुलत डुलत खाली आला, तेलाचा काटा शून्यावर जाऊन निजला. "पडला! विठू, दोन्ही पडले!" ती एवढ्यानं ओरडली की पाण्यावरचे बगळे उडाले. विठोजी खालून नुसता हसत होता. पेट्रोलचा काटा तेवढा अजून वरच होता, पण आता त्याची भीती वाटत नव्हती.

विठोजीनं पाटी सोडवायला घेतली. पान्हा घेऊन वाकला, दोन स्क्रू काढले आणि थांबला. कृष्णाबाईनं "काय सापडलं रे?" म्हणून विचारलं.

"गंज."

"गंज? एवढ्यात?"

"जुनी गाडी ना. तू जा वैनी, चहा टाक. मी आलो."

ती चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी टाकीची पाळी होती. तो गाडीखाली शिरला, टाकीची तार काढून चासीच्या लोखंडाला लावली, आणि कृष्णाबाईनं या वेळी इमानानं बघून सांगितलं, काटा रिकाम्यावर आला. म्हणजे काटा ठीक, तार ठीक. टाकी आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्येच काहीतरी आडवं होतं. मग खालून कानशीचा आवाज येत राहिला. खर्र खर्र. उन्हात बसून तो आवाज ऐकता ऐकता तिला पेंग आली.

ती जागी झाली तेव्हा तो बाहेर येऊन हात झटकत होता. त्याच्या मिशीत, भुवयांत, मानेच्या घामात हिरवी हिरवी पूड चिकटली होती. जमिनीवरही पडली होती. कृष्णाबाई तिच्याकडे बघत राहिली. गंज हिरवा नसतो एवढं कुणालाही कळतं. तो धुवायला गेल्यावर ती वाकून गाडीखाली बघून आली. पट्ट्यांच्या भोकांभोवती, चकतीच्या काठाला, पाटीच्या मागे, स्क्रूच्या मानेवर, जिथं जिथं लोखंडाला लोखंड भेटायचं तिथं तिथं त्यानं रंग खरवडून लोखंड उघडं केलं होतं. बाकी कुठे ओरखडाही नव्हता. तिच्या सरळ हातानं, दोन दिवस बसून, तिनंच ती परतीची वाट लिंपून टाकली होती.

मलूल झालेली फुलं, काखेतला फेटा, "वैरण घातली न्हाई काय", आणि विठू शहरात कुठल्या तरी खोलीत एकटा भाकरी थापतोय, हे सगळं एकदम समोर उभं राहिलं. आणि त्या पोरानं तिला कळू नये म्हणून गंज म्हटलं होतं. तिला रडू आलं ते याचं आलं. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तो केवढा थोराड, त्यात साबणानं माखलेला.

नवऱ्याला सांगायचं तिच्या दोनदा ओठांवर आलं. पण विश्वासरावांना सासूच्या रीतीबद्दल कुणी बोललेलं खपत नसे, आणि ही तर त्यांच्या आईचीच रीत. शिवाय काटे आता खरे झाले होते. खऱ्या काट्यांपुढे कोण काय बोलणार, असं तिनं मनाला समजावलं आणि ती गप्प राहिली. तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिचं सगळं लक्ष गाडीकडे होतं.

रघुपती आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं अजून अंगणात असताना. बरोबर एक गडी आणि खरोखरच देखणी जोडी. बैलांच्या अंगातून वाफ निघत होती. विश्वासराव जोडीपाशी गेले, एकाच्या वशिंडावरून हात फिरवला, आणि तो हात त्यांना काढवेना. कृष्णाबाई दाराआड उभी होती. दारात व्यवहार चालला असताना परक्या पुरुषापुढे या घरातल्या बायका येत नसत.

"अण्णा, काटे नीट झाले," विठोजी म्हणाला. "बघा तरी एकदा."

विश्वासराव आले. विठोजीनं किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं. काटे उठले आणि आपापल्या जागी जाऊन थांबले. दिवे लावले, कुणी उडी मारली नाही.

"आज नीट हाय," विश्वासराव म्हणाले. "उद्या? बिघडलं काय होतं ते सांग."

विठोजी फडक्यानं काट्यांच्या काचा पुसायला लागला.

"सांग की. बिघाड सापडल्याशिवाय दुरुस्त कसं केलंस?"

"माझ्याच हातून तार सैल राहिली होती," विठोजी म्हणाला. "दसऱ्याला गाडी जोडताना. माझीच चूक."

विश्वासरावांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ऐकलंत रघुपती? मी म्हणत होतो तेच. गाडीचा दोष न्हाई, याच्या ध्यानाचा हाय. तुमच्याकडं चांगला माणूस असेल, तो नीट चालवेल. घेऊन जा."

रघुपतींचा गडी बैलांचे कासरे सोडायला लागला. विठोजीनं किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली.

"थांबा," कृष्णाबाई म्हणाली.

ती दारातून बाहेर आली होती. पाय कसे चालले ते तिला कळलं नाही. अंगण ओलांडून ती गाडीजवळ गेली आणि दीराच्या हातातली किल्ली उचलून मुठीत धरली.

"तार सैल नव्हती. रंग मी दिला होता. पाटीला मागून, टाकीला खालून, सगळ्या स्क्रूंना. लोखंडाला लोखंड भेटायला जागाच ठेवली न्हाई. म्हणून काटे खोटं बोलत होते. हा खरं सांगेना, कारण ते माझ्यावर येतं. आता ज्याला काय बोलायचंय ते मला बोला."

"वैनी, आत जा," विठोजी कळवळून म्हणाला.

"न्हाई जात. तुमच्या आईनं शिकवलं तसं मी रंगवलं. त्यांच्या वेळेला नांगर होते. नांगराला कुठं वीज लागत होती? त्यांचं चुकलं न्हाई. माझं चुकलं. याचं तर मुळीच न्हाई."

विश्वासराव वळून तिच्याकडे बघू लागले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते तिला बघवेना. तिला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. पण बोलले ते रघुपती, आणि त्यांचा आवाज विचित्रच लागला.

"स्वल्प थांबा, अक्का. सगळ्या स्क्रूंना म्हणालात? आणि टाकीला?"

"व्हय."

"आमच्या लॉरीलाबी दिला. आयुधपूजेला. माझ्या बायकोनं आणि भट्टीवरच्या बायांनी, पार खालपासून, लाल रंग." त्यांनी पिकअपकडे पाहिलं. "दसऱ्यापासून तिचा काटा भरलेलाच दाखवतो. आणि लॉरी दोनदा वाटेत थांबली."

"मग?" विठोजीनं विचारलं.

"मग काय. मला वाटलं, ड्रायवर शेषगिरी पेट्रोल काढून विकतो. काटा भरलेला आणि टाकी रिकामी, तर मधलं पेट्रोल गेलं कुठं? चार माणसांत त्याला चोर म्हटलं आणि काढून टाकलं. बारा वर्षं माझ्याकडं होता तो. दोन लेकरं हायत. माझ्या पाया पडला, तरी—" त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. "म्हणून तर ही गाडी घ्यायला आलो. लॉरी मोठी, दुसऱ्या कुणाला आवरत न्हाई, नुसती उभीच हाय."

रघुपतींनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि एकदम म्हातारे झाल्यासारखे गड्याला म्हणाले, "कासरे बांध. गाडी नको." मग विठोजीकडे वळले. "विठोजी, माझ्याबरोबर येतोस? लॉरी बघ. आणि तिथून शेषगिरीच्या घरी जायचंय. मी एकटा गेलो तर तो दार उघडायचा न्हाई. त्याला काट्याचं तू समजावून सांग."

विठोजीनं थोरल्या भावाकडे पाहिलं. विश्वासराव गाडीच्या पत्र्यावर हात टेकून उभे होते. चोर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. पण त्याच वाटेवर आपण किती पुढे गेलो होतो हे त्यांना त्या घटकेला दिसलं, आणि ते दिसल्याचं कृष्णाबाईला दिसलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचे डोळे भरलेले तिनं दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा सासू गेली तेव्हा.

"जा," ते म्हणाले. "कानस घेऊन जा."

कृष्णाबाईनं मुठीतली किल्ली विठोजीला दिली. धुक्यातून पिकअप गेली, तिच्यामागून मोकळी जोडी गेली, आणि बराच वेळ तळ्याच्या कडेनं इंजिनाचा आवाज येत राहिला.

ऊन डोक्यावर आलं तरी विठोजीचा पत्ता नव्हता. लॉरीची टाकी मोठी, वेळ लागायचाच. कृष्णाबाईनं पान वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. विश्वासरावांना भूक सोसायची नाही, जेवणाला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचे. ते आले, पाटावर बसले, वाढलेल्या पानाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ते हातानं बाजूला सारलं.

"काय झालं? बरं न्हाई का?" तिनं घाबरून विचारलं.

"बरं हाय," ते म्हणाले. "विठू येऊ दे."